पैसे घेण्याआधी ‘सेटल्ड’चा अर्थ सांगा

क्रेडिट कार्डाची थकबाकी चार-पाच महिन्यांची झाली की फोनवरचा सूर बदलतो. कालपर्यंत दरडावणारा आवाज समजुतीने बोलू लागतो. १,२०,००० बाकी आहे ना, महिनाअखेरपर्यंत ७२,००० भरा, विषय संपला. गळ्याशी आलेल्या माणसाला ही सुटकाच वाटते. घरातलं सोनं गहाण ठेवून, भावाकडून उसने घेऊन तो पैसे भरतो. बँकेचा विषय संपतो, त्याचा संपत नाही. त्या व्यवहाराची नोंद त्याच्या क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ अशी होते, आणि पैसे भरेपर्यंत हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारलेला नसतो.

माझी मागणी साधी आहे. तडजोडीचा पहिला रुपया घेण्याआधी, कर्जदाराच्या अहवालात नेमका कोणता शब्द जाणार आणि त्याने पुढे काय अडेल, हे बँकेने लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे नागपुरात मराठीत आणि हिंदीत, सांगणं सक्तीचं असावं. ते होईपर्यंत ही माहिती मागून घेणं आपल्याच हातात आहे. त्यासाठी काय मागायचं हे माहीत हवं, म्हणून हा लेख तपशिलात शिरणार आहे.

आधी अहवालाबद्दल. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका या चौघींना माहिती पाठवतात आणि नवं कर्ज देताना त्यांपैकी कुणाचाही अहवाल मागवू शकतात. ३०० ते ९०० मधला स्कोअर सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामागे प्रत्येक खात्यासमोर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, आणि कर्जाच्या फाइलवर बसलेला अधिकारी त्याच बघतो. एक, महिनावार किती दिवस उशीर झाला याचा ३६ महिन्यांचा तक्ता. दोन, खात्याची स्थिती: चालू, बंद, सेटल्ड, रिस्ट्रक्चर्ड (फेडीच्या अटी बदललेलं), राइट-ऑफ. ‘बंद’ म्हणजे पूर्ण पैसे आले. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. ‘राइट-ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबातून ते कर्ज काढून टाकलं. कर्जदाराची जबाबदारी त्यानेही संपत नाही, वसुली चालूच राहते. कंपन्यांना ही माहिती निदान ७ वर्षं जपून ठेवावी लागते. स्कोअर दोन वर्षांत वर येऊ शकतो, पण शब्द तिथेच असतो.

त्या शब्दाची किंमत रुपयांत मांडून बघू. वरच्या उदाहरणात ४८,००० वाचले. पाच वर्षांनी हाच माणूस बेसा किंवा मनीषनगरकडे फ्लॅट घ्यायला निघाला आणि त्याला ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी हवं आहे असं समजा. साडेआठ टक्क्यांना हप्ता २६,०३५ रुपये येतो. जुन्या नोंदीमुळे त्याला नऊ टक्के लावले तर २६,९९२. महिन्याला ९५७ रुपयांचा फरक, २० वर्षांत २ लाख ३० हजारांच्या घरात. ४८,००० वाचवण्याची ही किंमत, आणि तीही कर्ज मिळालंच तर. अनेक बँका ‘सेटल्ड’ दिसल्यावर फाइल पुढे सरकवतच नाहीत. सरकारी बँकांच्या भरतीतही आता उमेदवाराचा क्रेडिट इतिहास पाहिला जातो. नागपुरात बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची कमी नाही. मिहानमधल्या पहिल्या नोकरीत पगारखात्यासोबत आलेल्या कार्डाची तडजोड त्यांना कुठे आडवी येऊ शकते, हे त्यांना कोण सांगतं?

म्हणून सवलतीचा आकडा ऐकण्याआधी दोन प्रकारच्या तडजोडींतला भेद समजून घ्यायला हवा. एकीत मुद्दल पूर्ण फेडलं जातं, फक्त वेळ वाढवून मिळते आणि व्याज कमी होतं. दुसरीत रक्कमच कमी होते. बोलीभाषेत दोन्हींना ‘सेटलमेंट’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रकाराचा हिशेब थोडा सविस्तर करतो, कारण बहुतेकांना तो वेळेवर कुणी दाखवत नाही. कार्डावर १,२०,००० बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, असं धरू. एका महिन्याचं व्याज ४,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, म्हणजे ४,९५६. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरायचीच अशी किमान रक्कम, बाकीच्या पाच टक्के असेल तर ६,०००. ते भरल्यावर मुद्दल कमी झालं फक्त १,०४४ रुपयांनी. पुढच्या महिन्यात बाकी किंचित उतरते, तसा मिनिमम ड्यूही उतरतो. असं दोन वर्षं इमानदारीने भरत राहिलं तर सुमारे १ लाख ३० हजार रुपये जातात आणि बाकी ९७,००० च्या आसपास उरते. तीच बाकी बँकेकडून वार्षिक १८ टक्क्यांनी २४ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून घेतली तर हप्ता ५,९९१ रुपये. व्याजावरचा जीएसटी धरून पहिल्या महिन्यात ६,३०० च्या जवळ, पुढे उतरत जाणारा. दोन वर्षांनी एकूण १ लाख ४८ हजार भरून खातं शून्यावर येतं. खिशातून दर महिन्याला जवळपास तेवढेच सहा हजार जातात, पण एका वाटेने कर्ज संपतं आणि दुसऱ्या वाटेने ते जागचं हलत नाही. शिवाय हप्ते वेळेवर गेले तर अहवालात उशिराचा एकही आकडा येत नाही.

अडचण अशी की ही सोय बँका सहसा खातं नियमित असताना देतात. माणूस मागायला जातो तो तीन हप्ते चुकल्यावर. इथे काही तारखा पाठ असायला हव्यात. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार, देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक खातं थकीत म्हणून कळवू शकत नाही आणि उशिराचं शुल्कही लावू शकत नाही. मात्र चौथ्या दिवशी उशीर मोजला जातो तो मूळ देय तारखेपासून. मिनिमम ड्यू ९० दिवसांत पूर्ण भरला गेला नाही तर खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं, आणि त्यानंतर बोलण्याची पट्टीच बदलते. तोवर ग्राहक असलेला माणूस पुढे वसुलीची केस होतो. ओव्हरटाइम बंद झाला, दुकानाचा हंगाम बुडाला, घरात कुणी दवाखान्यात भरती झालं, की पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला ईमेल करून बाकी हप्त्यांत बदलून मागावी. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल हवाच. त्याची तारीख पुढे पुरावा ठरते.

एकापेक्षा जास्त कार्डं असली की भले लोक एक चूक हमखास करतात. हातात १०,००० आहेत, चार कार्डांचा मिनिमम ड्यू मिळून १६,००० आहे, म्हणून ते प्रत्येकावर अडीच हजार टाकतात. सगळ्यांना थोडं थोडं दिल्याचं समाधान मिळतं. पण मिनिमम ड्यू पूर्ण भरला नसेल तर उशीर मोजणं थांबत नाही. चारही खाती एकदम थकतात आणि अहवालात चार ठिकाणी डाग पडतो. त्याऐवजी तीन कार्डांचा मिनिमम ड्यू पूर्ण भरता येत असेल तर तीन भरावीत, आणि चौथ्याच्या बँकेशी त्याच दिवशी बोलणी सुरू करावीत. एक खातं बिघडणं परवडतं, चार नाही.

घरभाडं, शाळेची फी आणि औषधं भागवल्यावर पूर्ण मुद्दल फेडणं खरंच शक्य नसेल, तर रक्कम कमी करून घेणं हाच शहाणपणा आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डाग पडेल म्हणून खासगी सावकाराकडे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण मग तडजोडपत्र नीट असावं. ते बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं, वसुली एजन्सीच्या व्हॉट्सॲपवरून नाही. त्यात कार्ड खात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, हप्ते आणि त्यांच्या तारखा, पैसे कोणत्या खात्यात भरायचे, सोडलेल्या रकमेवर पुन्हा दावा होणार नाही हे वाक्य, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचा हप्ता भरल्यावर क्रेडिट कंपन्यांना कोणती स्थिती कळवली जाईल हे वाक्य हवं. हे शेवटचं वाक्य मागितल्याशिवाय कुणी लिहून देत नाही. ‘बंद’ लिहा असा आग्रह धरावा. मुद्दल पूर्ण भरत असाल आणि बँक फक्त उशिराचं शुल्क व दंड सोडत असेल, तर हा आग्रह वाजवी आहे आणि तो मान्य होण्याची शक्यताही असते. मुद्दलच कमी होत असेल तर बँक ‘सेटल्ड’च लिहील. अशा वेळी निदान एवढं लिहून घ्यावं की सोडलेली रक्कम नंतर भरल्यास स्थिती ‘बंद’ केली जाईल. पुढे हात मोकळा झाला की हा दरवाजा उपयोगी पडतो.

हप्त्यांच्या मुदतीबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडींसाठी चौकट घालून दिली. ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांहून जास्त वेळ दिला तर ती तडजोड पुनर्रचना (रिस्ट्रक्चरिंग) मानली जाते आणि बँकेला तिच्या हिशेबात वेगळे नियम लागू होतात. बँक एकरकमी किंवा तीन हप्त्यांसाठी एवढी का घाई करते, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. ‘ही ऑफर आजच संपते’ या वाक्याला घाबरायचं कारण नाही, पण दहा महिन्यांची मुदत मागून ती सहज मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. त्याच चौकटीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक निदान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही, आणि हा काळ वाढवण्याचा अधिकार बँकेच्या संचालक मंडळाला आहे. शेतीकर्जाला हा १२ महिन्यांचा किमान नियम लागू नाही, कार्डाला आहे.

पत्र मिळाल्यावरही घसरायच्या जागा आहेत. एक हप्ता दोन दिवस उशिरा गेला तर बहुतेक पत्रांनुसार सगळी सवलत रद्द होते आणि भरलेले पैसे जुन्या व्याजात जिरतात. त्यामुळे ऑटो-डेबिटवर विसंबू नये. तारखेच्या चार दिवस आधी स्वतः भरून पावती ठेवावी. वसुलीवाल्याच्या हातात रोख किंवा त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही देऊ नये. दिलेला पैसा कार्डाच्या खात्यात दिसला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही काहीच भरलेलं नाही. वसुलीच्या फोनांना कंटाळून लोक मोबाइल नंबर बदलतात, हेही महागात पडतं. थकबाकी कळवल्याचा बँकेचा आणि अहवाल कुणी पाहिल्याचा क्रेडिट कंपनीचा संदेश त्याच नंबरवर येतो. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. त्याची तक्रार करा, नंबर ठेवा.

आणखी एक फसगत शेवटच्या भरण्याची. समजा ४०,००० ची शेवटची बाकी स्टेटमेंटवर दिसली आणि १८ दिवसांनी, देय तारखेच्या आत, पूर्ण भरली. माणूस निश्चिंत होतो. पण बाकी पुढे ओढली जात असेल तर व्याज रोजच्या रोज चढतं. त्या १८ दिवसांचं वार्षिक ४२ टक्क्यांनी ८२९ रुपये आणि जीएसटी धरून सुमारे ९८० रुपये पुढच्या स्टेटमेंटवर येतात. ते स्टेटमेंट कुणी उघडत नाही, आणि दोन वर्षं पोट मारून फेडलेल्या कार्डावर थकीत असा शेरा बसतो. शेवटी बाकी विचारताना ‘आज खातं बंद करायला किती लागतील’ असं विचारावं, ती रक्कम भरावी आणि लगेच कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. न केल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो.

राइट-ऑफ झालेली कर्जं बँका अनेकदा मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. मग अहवालात एकाच कर्जाच्या दोन नोंदी दिसू शकतात, एक बँकेची आणि एक नव्या मालकाची. पैसे भरण्याआधी आज दावा कुणाचा आहे हे लेखी विचारावं, आणि भरल्यावर दोन्ही नोंदी दुरुस्त होतील हेही पत्रात घ्यावं.

‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्यांबद्दल मला थोडक्यातच बोलायचं आहे. अहवालातली नोंद बँकेच्या संमतीशिवाय क्रेडिट कंपनीसुद्धा बदलू शकत नाही. मग बाहेरचा माणूस फी कशाची घेतो? यातले काही तर बँकेला पैसे देणं थांबवा, म्हणजे जास्त सूट मिळेल, असा सल्ला देतात. उशिराचा आकडा ९० च्या पुढे ढकलून आपल्यासाठी गिऱ्हाईक तयार करण्याचा हा धंदा आहे आणि तो बंद व्हायला हवा.

बँकांची बाजूही आहे, आणि ती खरी आहे. कार्डाचं कर्ज विनातारण असतं, पैसा ठेवीदारांचा असतो. तडजोडीची नोंद लपवली तर उद्या फेडू शकणाराही घासाघीस करेल, आणि नियमाने हप्ते भरणाऱ्यावर अन्याय होईल. म्हणून ‘सेटल्ड’ ही नोंद काढून टाका असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं आहे की आजची नोंद पुरेशी खरी नाही. नोकरी गेल्यावर स्वतःहून बँकेत जाऊन ७० टक्के रक्कम ठरल्या तारखांना भरणारा, आणि तीन वर्षं फोन न उचलता शेवटी २० टक्क्यांवर सुटलेला, दोघांच्या खात्यासमोर एकच शब्द येतो. ठरलेल्या तारखा पाळल्या का, किती टक्के रक्कम भरली, हेही त्याच ओळीत ठळकपणे दिसावं. पुढच्या बँकेलाही धोका मोजायला त्याने मदतच होईल. आणि मुख्य म्हणजे, जी शिक्षा सात वर्षं टिकते ती आधी सांगितली गेली पाहिजे. दिवाणी न्यायालयातल्या तडजोडीत अटी कागदावर येतात आणि दोन्ही पक्ष सही करतात. फोनवरच्या तडजोडीत एकच पक्ष सगळं जाणून असतो.

ही मागणी अव्यवहार्य नाही. थकबाकी कळवण्याआधी ग्राहकाला पूर्वसूचना देणं, आणि थकीत म्हणून कळवल्यानंतर पैसे भरले तर ३० दिवसांत स्थिती सुधारणं, हे रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहेच. त्यात एका वाक्याची भर पडायची आहे. तोवर नागपुरात ती भर घालता येईल अशी एक जागा आहे: राष्ट्रीय लोकअदालत. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात बँका थकीत कार्डांची दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात दावा दाखल न झालेली, प्रकरणं घेऊन येतात. नोटीस आली की लोक घाबरून तिकडे फिरकतच नाहीत, किंवा जाऊन दिसेल त्या कागदावर सही करतात. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्याआधी अहवालात काय कळवणार हे वाक्य तडजोडीच्या मसुद्यात घालायला सांगावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने हे वाक्य छापील नमुन्यातच टाकलं, तर एका दिवसात कितीतरी कुटुंबांचं भलं होईल. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं, तेही मागून घ्यावं.

पैसे भरून झाल्यावर ४५ दिवसांनी चारही कंपन्यांचे अहवाल काढावेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवायची असल्याने एवढ्या काळात बदल दिसायला हवा. नोंद चुकीची असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवावी, आणि सोबत नो ड्यूज (बाकी नसल्याचं पत्र) व तडजोडपत्र बँकेला ईमेल करावं. बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला २१ दिवस आणि एकूण निकालाला ३० दिवस मिळतात. त्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते, म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख जपावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या दारात रांग लावायची गरज नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि कागदावर लिहायची असेल तर ती चंदीगडच्या केंद्राकडे पाठवायची असते. अर्जात सुरुवातीलाच बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख लिहावी. बँकेकडे आधी न जाता केलेला अर्ज तिथून परत येतो.